गोव्यातलं कौलारू छप्पर: पावसाची तयारी थंडीतच कशी सुरू करायची

गोव्याच्या थंडीने छपराचं काही बिघडत नाही, बिघडवतो तो पाऊस. तरीही छपराचं काम डिसेंबरातच हातात घ्या, असं मी आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, राहायला येणाऱ्या प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगते. पुण्या-मुंबईहून, बेळगावहून येऊन डिचोली, सत्तरी, पेडण्याकडे जुनं कौलारू घर घेणारी माणसं घर बघायला बहुधा दिवाळीनंतर येतात. आकाश निळं असतं, कौलांवर ऊन पडलेलं असतं, सगळं ठणठणीत दिसतं. मग जूनच्या मध्यावर रात्री दोन वाजता फोन वाजतो, "वहिनी, पलंगावर पाणी पडतंय. काय करू?"

त्या वेळी बादली ठेवण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. म्हणून हा लेख आधी वाचा, आणि शक्य असेल तर पावसाळा सुरू व्हायच्या सहा महिने आधी वाचा.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छप्पर १०० चौरस मीटर जागा झाकत असेल, तर वर्षाला सुमारे ३ लाख लिटर पाणी त्याच्यावरून वाहून जातं. घाटाच्या पायथ्याच्या गावांत याहूनही जास्त. एवढं पाणी वाहत असताना बोटभर फट पुरते.

आणि मिरगाच्या तारखेवर भिस्त ठेवू नका. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यावर किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा कितीतरी घरांची कौलं उडाली, माड पडले. २०२५ मध्ये तर मान्सूनच मेच्या शेवटच्या आठवड्यात येऊन दाखल झाला. ज्यांनी 'मेअखेर करू' म्हणून शाकारणी ठेवली होती, त्यांची घरं अर्धी उघडी होती.

आधी थोडे शब्द

मेस्त्रींशी बोलताना हे शब्द लागतील. छपराच्या उतरत्या बाजूला पाखं म्हणतात. दोन पाखी वर जिथे मिळतात तिथलं आडवं लाकूड ते आढं. आढ्यापासून भिंतीपर्यंत उतरणारी लाकडं म्हणजे वासे, वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्ट्या म्हणजे रिपा, आणि रिपांवर कौलं. छपराची भिंतीबाहेर आलेली खालची कड ती वळचण. घर कोनात वळतं तिथे दोन पाखी आत मिळतात आणि दोन्हींचं पाणी एका घळीत येतं, ती पन्हळ. आणि पावसाआधी कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून परत लावायची, ते काम म्हणजे शाकारणी.

आज जुन्या घरांवर दिसतात ती बहुतेक मंगळुरी कौलं. बासल मिशन या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात यांचा कारखाना काढला. त्याआधी घरांवर हाताने थापलेली अर्धगोल नळ्याची कौलं असायची, आणि जुन्या गोठ्यांवर, मांगरांवर ती अजून सापडतात. मंगळुरी कौलाचं शहाणपण त्याच्या कडांत आहे. एका कौलाची कड शेजारच्या कौलाच्या खाचेत बसते आणि पाठीवरचं बोंड रिपेला अडकतं. सिमेंट लागत नाही, खिळा लागत नाही. म्हणजेच कौल जागेवरून बोटभर जरी सरकलं तरी ही सगळी रचना निकामी होते.

डिसेंबर: बघणं

पहिल्या दिवशी वर चढू नका. रस्त्यावर उभं राहून आढ्याची रेघ बघा. ती सरळ असायला हवी. मध्ये पोट आलं असेल तर आढं वाकलंय किंवा खालचा आधार बसलाय. अशा छपरावर नुसती नवी कौलं लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. आधी सुताराला बोलवा.

मग दुपारी बारा-एकला घरात या, दारं-खिडक्या लावून घ्या, दिवे बंद करा आणि डोळे सरावेपर्यंत पाच मिनिटं थांबा. मग वर बघा. जिथे उजेडाचे ठिपके दिसतात तिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय. (काचेचं कौल असेल तर त्याच्या कडेने येणारा उजेडही बघा, तिथे गळती असतेच.) खडू घेऊन जवळच्या वाशावर खूण करा. तक्तपोशी किंवा फॉल्स सीलिंग घातलेलं असेल तर एक माणूस आत जाईल एवढी झडप आताच काढून घ्या. सीलिंगच्या वर काय चाललंय ते न दिसणं हा नव्याने सजवलेल्या जुन्या घरांचा सगळ्यात मोठा रोग आहे.

ठिपक्यांइतकेच डाग महत्त्वाचे. वाशांवरून, रिपांवरून खाली आलेल्या काळपट रेघा म्हणजे गेल्या पावसाच्या पाण्याची वाट. थंडीत त्या ताज्या असतात. मे उजाडेपर्यंत चुलीचा धूर, कोळिष्टकं आणि धूळ त्यांना झाकून टाकतात.

या रेघांबद्दल मला आमच्याच घराची गोष्ट सांगायची आहे, कारण मी जे काही शिकले ते तिथे शिकले. लग्नानंतरच्या दुसऱ्या चवथीला गणपतीवरच्या माटोळीत, म्हणजे मूर्तीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतात त्या चौकटीत, पाणी ठिबकायला लागलं. माटोळी भरलेली होती, अंबाडे, चिबूड, सुपारीचा घोस, आणि बरोबर त्या सुपारीच्या घोसावर थेंब पडत होता. सासूबाईंचा जीव कासावीस झाला. यजमानांनी बाहेरून शिडी लावून थेंबाच्या डोक्यावरची कौलं बदलली. ठिबकणं थांबलं नाही. पुन्हा बदलली, तरी नाही. विसर्जन होईपर्यंत आम्ही माटोळीवर पितळी परात टांगून ठेवली होती.

नोव्हेंबरात मेस्त्री आले. वय सत्तरीच्या पुढे, पायात काही नाही. ते छपरावर चढलेच नाहीत. आतून शिडी लावली, माटोळी जिथे टांगतात त्याच्या वरच्या रिपेवर बोट ठेवलं आणि काळ्या रेघेवरून बोट वर सरकवत गेले. एक रीप, वासा, वाशावरून वर तीन हात, मग दुसरी रीप, तिथून डावीकडे. बोट थांबलं ते माटोळीपासून आठ फूट वर, स्वयंपाकघराची भिंत छपराला भिडते त्या सांध्यात. आदल्या वर्षी एका ठेकेदाराने तो सांधा नुसत्या सिमेंटने भरला होता आणि सिमेंटला केसाएवढी भेग गेली होती. "वहिनी, पाणी पडतं तिथे भोक नसतं," मेस्त्री म्हणाले. "ते वर असतं. आढ्याकडे बघायचं."

तेव्हापासून खडू आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात असतो.

जानेवारी-फेब्रुवारी: लाकूड

कौल शंभर वर्षं टिकेल, वासा टिकेलच असं नाही. पेचकस घ्या आणि वाशांची टोकं टोचून बघा, विशेषतः चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीवर टेकणारी. चिरा पाणी पितो आणि ते लाकडाला देतो, त्यामुळे वासा मधे खणखणीत आणि टोकाला भुसा असं नेहमी होतं. पेचकस अर्धा इंच सहज आत गेला तर तो वासा बदला किंवा शेजारी नवा तुकडा जोडून बोल्टने आवळा. रिपा मात्र जोडत बसू नका, बदलाच.

भिंतीवरून वर गेलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. नळी मोडून टाकून काम होत नाही, ती जमिनीतून येते. पायथ्याशी औषध घालणाऱ्या माहीतगार माणसाकडून प्रक्रिया करून घ्या. लाकडाला आपल्याकडे पूर्वीपासून काजूच्या टरफलाचं तेल लावतात. वाळवीला ते आवडत नाही आणि पाणीही अडतं. पण हे तेल कातडीला भाजतं, फोड येतात, तेव्हा हातमोजे घालून, अंगभर कपडे घालूनच लावा, आणि मुलांना लांब ठेवा. लाकूड पूर्ण सुकलेलं असेल तरच ते मुरतं, म्हणूनही हे काम थंडी संपता संपता करायचं.

कौलं पारखून घ्या

सगळी कौलं बदलायची गरज क्वचित पडते. एका चौरस मीटरला साधारण १५ मंगळुरी कौलं लागतात. आधी किती फुटकी आहेत ते मोजा, मग बाजारात जा, आणि जाताना घरचं एक कौल बरोबर न्या. हे विसरू नका. दोन कारखान्यांची कौलं दिसायला सारखी असली तरी खाचा जुळत नाहीत आणि लांबीत थोडा फरक असतो. तेवढ्याने बोंड रिपेवर नीट बसत नाही.

कौल हातात तोलून बोटाच्या पेराने वाजवा. नीट भाजलेलं कौल घंटेसारखं खणकतं. बद्द आवाज आला तर ते कच्चं आहे किंवा आत तडा आहे. दुसरी परीक्षा घरी करायची: सुकं कौल वजन करा, रात्रंदिवस पाण्यात बुडवून ठेवा, पुसून परत वजन करा. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर ती कौलं मी घेत नाही. पाणी पिणारं कौल नुसतं झिरपतच नाही, ते सगळ्या छपराचा भार वाढवतं. पंधराशे कौलांनी प्रत्येकी पाव किलो पाणी प्यायलं तरी वाशांवर पावणेचारशे किलो जास्तीचे येतात, तेही वारा सर्वांत जास्त असतो त्याच दिवसांत.

पाडलेल्या घरांची जुनी कौलं मिळतात आणि ती बऱ्याचदा नव्यांहून चांगली निघतात. पण जुनी-नवी एकाच पाख्यावर मिसळू नका. घरची चांगली कौलं सगळी एका पाख्यावर गोळा करा आणि आणलेली दुसऱ्यावर लावा. पन्नासेक कौलं मागच्या पडवीत उभी रचून ठेवा. माकडं उड्या मारतात, नारळ पडतो, मांजरं भांडतात, आणि ऐन श्रावणात तेच कौल बाजारात मिळत नाही.

मार्च-एप्रिल: शाकारणी

शिमगा झाला की मेस्त्रींना गाठा, किंबहुना जानेवारीतच तारीख घेऊन ठेवा. मे महिन्यात एकेका माणसाला दहा घरांची बोलावणी असतात, आणि मग काम कसंतरी होतं. ठरवतानाच विचारा: कौलं धुणं धरलंय का, रिपा बदलायची मजुरी वेगळी का, आढ्यावरची कौलं बसवायचा सिमेंट-चुन्याचा मसाला कोण आणणार. तोंडी ठरलं तरी वहीत लिहून दोघांनी बघा.

सगळं छप्पर एकदम उघडू देऊ नका. एका दिवसात जेवढं परत झाकता येईल तेवढाच खण उतरवायचा. एप्रिलमध्येही संध्याकाळी वळीव येतो.

कौलं खाली उतरली की नारळाच्या काथ्याने किंवा ताठ ब्रशने साध्या पाण्यात घासा. शेवाळ खाचेत साठलं की पाणी खाचेतून न वाहता उलटं आत येतं, म्हणून खाचा काडीने कोरून काढा. गाडी धुवायच्या जोरदार पाण्याच्या पंपाने कौलं धुणारे भेटतील. त्यांना नको म्हणा. त्या माऱ्याने कौलाचा वरचा भाजका थर खरवडला जातो आणि मग ते अधिक पाणी पितं.

लावणी नेहमी वळचणीकडून आढ्याकडे. रिपांमधलं अंतर जुन्या सवयीने धरू नका. तुमचं कौल दोन रिपांवर ठेवून, वरच्याचा खालच्यावर पुरेसा चढ येतोय ना ते बघून मगच रिपा ठोका. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या वळचणीच्या दोन ओळी आणि कडेची कौलं तारेने रिपेला बांधून घ्या. त्यासाठीच कौलाच्या बोंडात भोक असतं. बहुतेक घरांवर ते रिकामंच दिसतं, आणि वादळात पहिली उडतात ती हीच कौलं.

छपरावर चढणाऱ्यांसाठी: कौलांवर थेट भार नको, फळी किंवा बांबूची शिडी आडवी टाकून तिच्यावरून चाला. कमरेला दोर, खाली दुसरा माणूस. घरावरून किंवा जवळून विजेची तार जात असेल तर वीज खात्याला कळवून पुरवठा बंद केल्याशिवाय कामाला हात लावू नका. ओल्या कौलांवर तर कोणीही चढायचं नाही, मेस्त्रींनीसुद्धा नाही. एक रात्र गळालं तर गळू द्या.

तीन जागा, जिथे छप्पर खरं गळतं

आढं, पन्हळ आणि भिंतीचा सांधा. शाकारणीचा अर्धा वेळ इथे द्या.

आढ्यावरची कोनाची कौलं मसाल्यात बसवतात. नुसत्या सिमेंटच्या घट्ट मसाल्याला सुकताना भेगा पडतात. सिमेंटमध्ये चुना आणि वाळू घातलेला मसाला थोडा लवचीक राहतो. कौलं आधी भिजवून घ्या, नाहीतर ती मसाल्यातलं पाणी ओढून घेतात, आणि काम झाल्यावर निदान आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. उन्हाळ्याच्या दिवसांत नेमका हाच कंटाळा केला जातो.

पन्हळीत दोन पाख्यांचं पाणी येतं, म्हणून तिथला पत्रा अखंड आणि रुंद हवा. दोन्ही बाजूंच्या कौलांची कड पत्र्यावर तीन-चार बोटं पुढे आली पाहिजे आणि मधली वाट मोकळी राहिली पाहिजे. कौलांच्या कडेला सिमेंट थापून पन्हळ 'बंद' करणारे कारागीर आहेत. पाण्याला वाट उरत नाही, ते सिमेंटमागून झिरपतं आणि नेमकं पन्हळीखालचं लाकूड कुजतं. ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर त्याला ओलं सिमेंट लागू देऊ नका, तो खाऊन जातो.

भिंतीच्या सांध्याला आमच्या मेस्त्रींनी काय केलं ते सांगते. कौलांच्या वर वीतभर उंचीवर भिंतीत आडवी इंचभर खोल खाच घेतली, पत्र्याची वाकवलेली पट्टी तिच्यात खोचली, खाच मसाल्याने भरली आणि पट्टीचा खालचा भाग कौलांवर नुसता टेकवला, चिकटवला नाही. कौलं ऊन-पावसात हलतात, भिंत हलत नाही. दोन्ही सिमेंटने जखडली की भेग पडणारच. ही पट्टी बसवल्यापासून आमच्या माटोळीवर थेंब पडलेला नाही.

मे: आजूबाजूचं

छपरावर झुकलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटा. पाडेल्याला बोलावून माडावरच्या सुक्या झावळ्या आणि तयार नारळ उतरवून घ्या. आख्खं झाड काढायचं असेल तर मात्र १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वनखात्याची परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज थंडीतच करा.

वळचणीला गटर असेल तर पाला काढून बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी मध्येच थांबलं तर उतार बिघडलाय. पश्चिमेच्या पडवीला झड लागते. पूर्वी विणलेली झापं लावत, आता हिरवी जाळी किंवा प्लास्टिक लावतात. काहीही लावा, पण खाली-वर हवेला वाट ठेवा, नाहीतर भिंतीला बुरशी येते.

स्लॅबचं घर असेल तर काम सोपं आहे. गच्चीवरचा कचरा काढा, पाणी जायची तोंडं मोकळी करा, ती बोळ्याने बंद करून दोन बोटं पाणी एक दिवस-रात्र साठवा आणि खालून ओल येते का बघा. भेग भरायची ती सुक्या गच्चीवर, एप्रिलमध्ये. पत्र्याचं छप्पर असेल तर प्रत्येक स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर आहे ना आणि त्याखालचा रबरी वायसर शाबूत आहे ना, एवढं बघा. ऊन खाऊन वायसर तडकतात.

पाऊस लागल्यावर

पहिल्या मोठ्या सरीच्या रात्री टॉर्च आणि खडू घेऊन घरभर फिरा. थेंब दिसला की खाली बादली ठेवा, मग वरची ओली रेघ शोधा आणि जिथपर्यंत दिसेल तिथपर्यंत खडूने बाण काढून शेजारी तारीख लिहा. ओल्या लाकडावर खडू उठत नसेल तर सुतळी बांधा. कौल नुसतं सरकलेलं असेल तर ते आतून, शिडीवर उभं राहून, काठीच्या टोकाला फडकं गुंडाळून हलकेच जागेवर ढकलता येतं.

फुटलंच असेल आणि पाऊस थांबत नसेल तर ताडपत्री टाकावी लागते. ती भोकापुरती टाकली तर वरून येणारं पाणी तिच्याखाली शिरतं. ती आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर हातभर जाईल एवढी लांब घ्या, आणि हे काम उघडीप मिळाल्यावर, कौलं सुकल्यावर, सवयीच्या माणसाकडूनच करून घ्या. पाऊस ओसरला की ताडपत्री काढा. तिच्याखाली लाकूड घामेजतं. सबंध पावसाळा निळं प्लास्टिक पांघरून ठेवलेल्या घरांच्या रिपा मी दोन वर्षांत मऊ झालेल्या पाहिल्या आहेत.

चवथीच्या साफसफाईत घरातल्यांना सांगून ठेवा की वाशांवरच्या खडूच्या खुणा पुसायच्या नाहीत. डिसेंबरात मेस्त्रींना त्याच दाखवायच्या असतात.